दुसऱ्या बाजूवरचा खोकला

त्या घरात इंग्रजी संगीतातलं कुणालाही काही कळत नव्हतं, आणि तरीही दर रविवारी दुपारचा चहा झाला की तिथे इंग्रजी संगीत लागायचं. त्यामुळे शेजाऱ्यांचा त्या कुटुंबाविषयी फार चांगला ग्रह झाला होता. माणसं वरच्या दर्जाची आहेत, असं जिन्यात बोललं जाई. खरी गोष्ट अशी होती, की ते संगीत कुणी ऐकतच नसे. सगळे ऐकत तो खोकला.

तबकडी एकच होती. कव्हरवर हिरवं कुरण, एक ओढा आणि ओढ्याकाठी उभ्या राहिलेल्या गायी. चेहऱ्यांवरून त्यांनाही संगीतातलं फारसं कळत नसावं. पहिल्या बाजूला नुसता वाद्यवृंद होता, दुसऱ्या बाजूला वाद्यवृंद आणि व्हायोलिन. पहिली बाजू इतक्या वर्षांत कुणी धड लावली नव्हती, ती अजून काळीभोर चकाकत होती. दुसरी झिजून करडी पडली होती. त्या बाजूवर व्हायोलिन आधी बराच वेळ खालीच घुटमळतं, हरवलेली किल्ली शोधल्यासारखं. मग वर चढायला लागतं. चढत चढत इतक्या बारीक सुरावर जाऊन पोचतं की बाकीची वाद्यं एकेक करून गप्प होतात. सगळं सभागृह गप्प होतं. आणि नेमकं तिथे, उजव्या हाताला, पुढच्या रांगांत बसलेला एक माणूस खोकतो. एकदाच. कोरडा, छोटा, जरा अधिकारवाणीचा खोकला.

ते बाबा.

“हो, ठेवते,” आई म्हणायची आणि उठून पुन्हा चहाचं आधण ठेवायची. मग धाकटा सुई उचलून बाजूला करायचा. त्या व्हायोलिनचं पुढे काय होतं, हे त्या घराला कळतच नसे.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा मुलगा. केस पिकले, चष्मा लागला, गुडघे कुरकुरू लागले, तरी तो धाकटाच राहिला, कारण घरात त्याच्याहून धाकटं कुणी आलंच नाही. लग्नाचा विषय निघाला की तो ऐकू न आल्यासारखं करायचा. धंद्याने तो कान तपासणारा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दवाखानावजा दुकान होतं. बाहेर एक टेबल, आत काचेची खिडकी असलेली आवाजबंद खोली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं. बाहेरून यंत्रातून बारीक टूं असा आवाज सोडायचा. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, बाहेर टेबलावरचा दिवा लागायचा. दिवसभर हेच. जे दिव्याने दाखवलं ते खरं, बाकीचं माणसाच्या मनाचे खेळ, असं त्याचं साधं तत्त्वज्ञान होतं, आणि त्याच्यावर त्याचं बरं चाललं होतं.

बाबा शिंपी होते. शिंप्याच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे बोलायची सोय नसते. बाबांनी त्यावर खोकल्याची भाषा काढली होती. एकदा खोकले की चहा. दोनदा म्हणजे आईने दुकानात यायचं. तीनदा म्हणजे धाकट्याने यायचं, सुईत दोरा ओवायला. त्याचे डोळे लहानपणी घारीसारखे होते. दोऱ्याचं टोक अंगठ्या-बोटात धरून ओठांनी ओलं करायचं आणि एका झटक्यात ओवायचं, हे त्याचं घरातलं एकमेव कौशल्य. कुणी आलं की बाबा बोलत नसत. शेजारच्या स्टुलावर तळहाताने दोनदा थोपटत. थप थप. म्हणजे बस.

एकदा एक इंग्रज वाद्यवृंद दौऱ्यावर आला आणि त्यांच्या व्हायोलिनवाल्याचं सामान भलत्याच गावाला गेलं. कार्यक्रमाला जेमतेम एक दिवस. त्याचा शेपटीवाला कोट बाबांनी रातोरात शिवला. मोबदल्याखेरीज दोन पास मिळाले. एक बाबांचा, एक आईचा. आईने नवी शालसुद्धा घेतली होती, कारण त्या सभागृहात फार गार असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. पण निघायच्या वेळी धाकट्याचा कान ठणकायला लागला आणि त्याने गळा काढला. आई घरी राहिली. बाबा एकटेच गेले आणि पूर्ण वेळ व्हायोलिनवाल्याच्या उजव्या काखेतल्या शिवणीकडे बघत बसले. त्या उंच सुराला त्याचा हात कोपरापासून असा काही वर गेला म्हणे, की शिवण सुटणारच. सुटली नाही. बाबा खोकले.

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण चालू होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तबकडी निघाली तेव्हा सभागृहाच्या व्यवस्थापकाने एक आणून दिली. ऐन मैफलीत बाबांनी इंग्रजांकडे चहा मागितला, यावर घरात महिनाभर हसणं चाललं. त्याच वर्षी त्यांच्या छातीचं दुखणं निघालं आणि ते गेले. फोटो पुष्कळ मागे राहिले. आवाज तेवढाच राहिला.

आईला कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा ती स्पीकरच्या लाकडावर हात ठेवून बसायला लागली. खोकला तिला तळहाताला कळायचा.

“जगाचे कान तपासतोस आणि घरात ही तऱ्हा,” ताई फोनवर म्हणाली. ताई म्हणजे थोरली बहीण. दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथून या घरावर लक्ष ठेवायची.

“आईच नको म्हणते.”

“मी नको म्हणत होते तरी लहानपणी मला कडू औषध पाजलंच ना तिने? बसव जा तिला कानाचं यंत्र.”

धाकट्याने त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं यंत्र आईच्या कानांना बसवलं. पहिला दिवस आई घरभर हिंडून नळाचा, पंख्याचा, स्वतःच्या पायांचा आवाज ऐकत होती. रविवार आला. चहा झाला, तबकडी लागली. व्हायोलिन किल्ली शोधू लागलं, वर चढलं, बाकी सगळे गप्प झाले. खोकला आला.

आई उठली नाही.

“आज दोनदा खोकले रे,” ती म्हणाली.

“एकदाच, आई. यंत्र नवीन आहे. सुरुवातीला होतं असं.”

“बरं,” आई म्हणाली. पण चहा काही तिने ठेवला नाही.

पुढच्या रविवारी त्याने कान देऊन ऐकलं. एक खोकला. मग जरासा थांबून दुसरा. पहिल्यासारखाच, फक्त शेवटी किंचित वर उचललेला, समोरच्याने ओ दिली नाही की होतो तसा. धाकट्याने शांतपणे सुई मागे नेऊन पुन्हा लावली. दोन. तबकडीला चरा पडला की सुई मागे उडी मारते आणि तेच तेच वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. पण मग व्हायोलिनचा सूरही तुटायला हवा होता. सूर अखंड चालला होता. त्याने नवी सुई आणून बसवली. दोनच.

त्याने ताईला फोन लावला.

“बाबा किती वेळा खोकतात?”

“काय?”

“तबकडीवर. किती वेळा?”

“एकदा. तू हे विचारायला मला कामाच्या वेळात फोन केलास?”

“आता दोनदा खोकतात.”

“माझ्यासाठी कधी खोकले नाहीत हं ते,” ताई म्हणाली. “मला बोलवायचं तर तोंडातल्या टाचण्या काढून नावाने हाक मारायचे. तेवढा मान होता मला.”

ही गोष्ट त्याने आईला सांगितली. तिला हसू येईल असं त्याला वाटलं होतं.

“मान कसला डोंबलाचा. कार्टी खोकल्याला दाद द्यायची नाही,” आई म्हणाली. मग, “मीही तेच केलं की रे. एवढी वर्षं ते मला बोलावत होते आणि मी आपली चहा ठेवत बसले.”

“आई, ते रेकॉर्डिंग आहे. जे झालं ते झालं, त्यात बदल होत नसतो.”

“शेजारची खुर्ची रिकामीच आहे ना त्यांच्या?”

धाकट्याच्या त्या लहानपणच्या कानात उगीचच एक कळ आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने तबकडी आणि रेकॉर्डप्लेअर दवाखान्यात नेला. दुपारच्या जेवणाच्या वेळेत, गिऱ्हाईक नसताना, तो स्वतः आवाजबंद खोलीत बसला. आपल्या खोलीचा त्याला अभिमान होता. बाहेर ट्रक उलटला तरी आत माणसाला स्वतःचं रक्त वाहिल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्याने हेडफोन चढवले आणि सुई ठेवली.

इतक्या जवळून ती बाजू त्याने कधी ऐकली नव्हती. सभागृह केवढं मोठं होतं ते त्याला पहिल्यांदा कळलं. मागे कुणीतरी पाय हलवला. कुठेतरी कापड सरसरलं. व्हायोलिनवाला सूर लावण्याआधी नाकाने श्वास घ्यायचा, तोही कळत होता. सूर वर गेला. सगळे गप्प झाले.

खोकला. खोकला.

आणि त्याच्या मागोमाग, अगदी हलके, गादीच्या खुर्चीवर तळहाताने थोपटल्याचा आवाज.

थप थप.

धाकट्याने हेडफोन काढले. खोलीत त्याचं रक्त वाहिल्याचा आवाज तेवढा होता. त्याने तबकडी कव्हरात घातली, कव्हर कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. दुपारच्या गिऱ्हाइकांचे कान त्याने नेहमीसारखेच तपासले. एका बाईंना मात्र त्याने उजव्या कानाचं यंत्र डावीकडे बसवून पाठवलं.

“रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीला दिलाय,” त्याने घरी सांगितलं. “मोटर गेली.”

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही कानांतली यंत्रं काढून डबीत ठेवली आणि डबी त्याच्यापुढे सरकवली.

“मग हे कशाला? तुझं बोलणं मला ओठांवरून कळतं. खोटं बोलतोस तेही कळतं.”

त्याने समजावलं. वयाचा विचार कर म्हणाला, छातीत धडधडतं तुझ्या, नको त्या गोष्टी मनावर घेऊ नकोस. आई त्याच्या ओठांकडे बघत नव्हती, त्यामुळे यातलं तिला काहीच ऐकू गेलं नाही. ती जेवण अर्धवट टाकून उठू लागली. घरात वावरायची, पण पाहुण्यासारखी. कुणीतरी बाहेर गाडी घेऊन थांबलंय आणि आपल्याला इथे उगाच उशीर होतोय, असा तिचा चेहरा असायचा.

रविवारी चहा झाल्यावर ती रिकाम्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. तबकडी नाही, यंत्र नाही, कानात काही नाही. धाकटा दारात उभा राहून बघत होता. मग ती हलकेच मान वर करून म्हणाली,

“आले हो. हा येऊ देईना.”

एवढं ऐकल्यावर कुलपाला काही अर्थ उरला नव्हता. बाबांना तिकडे वाट बघायला लावण्याची चूक एकदा त्याच्या कानापायी झाली होती. दुसऱ्यांदा ती त्याच्याच्याने होईना. त्याने सगळं सामान घरी आणलं.

पुढच्या रविवारी आईने नीट वेणी घातली. कानात यंत्रं घातली. पेटीच्या तळातून ती शाल काढली. घडीच्या रेषांवर रंग उडाला होता, बाकी नवी कोरी.

“कुठे निघालीस?” धाकट्याने विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला.

“जातेय कुठे? बसायचंच तर आहे.” तिने स्वतः चहा केला होता. निळ्या कडेचा कप तिच्या शेजारी स्टुलावर वाफाळत होता. “दूध संपलंय बघ. घेऊन ये.”

“नंतर आणतो.”

“धाकट्या,” आई म्हणाली. तिने त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला हात लावला, लहानपणी ठणका थांबला का बघायची तसा. “आता दुखत नाही ना?”

“नाही.”

“मग जा की.”

त्याने सुई ठेवली. व्हायोलिन खाली घुटमळत असताना तो दार ओढून बाहेर पडला.

दूध घेऊन तो कोपऱ्यावर उभा राहिला. घरी जाता येण्याइतका वेळ झाला होता, तरी तो उभा राहिला.

परत आला तेव्हा जिन्यातूनच ऐकू आलं. तबकडी संपली होती. सुई शेवटच्या रेघेत फिरत होती. खर्र, टक. खर्र, टक.

आई खुर्चीत बसली होती. शाल खांद्यांवर, हात मांडीत. डोळे मिटलेले.

पायांत बाहेर जायच्या चपला.

कानातली यंत्रं चालू होती. बारीक शीळ घालत होती.

झोपेत गेल्या, डॉक्टर म्हणाले. इतकं शांत जाणं फार कमी जणांना मिळतं.

ताई आली. माणसं येऊन गेली. चार दिवसांनी घर आवरायला घेतलं तेव्हा ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

“बशी आहे, कप कुठे गेला?”

“कुठला?”

“निळ्या कडेचा.”

दोघांनी शोधला. स्टुलाखाली, खुर्चीमागे, केराच्या डब्यात. माणसं आली-गेली होती, कुणी फोडून लाजेकाजेने खिशात घालून नेला असेल, असं ताई म्हणाली. असेल, असं धाकटाही म्हणाला. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता, पण दोघांनी ते एकमेकांना कळू दिलं नाही.

मग ताईच म्हणाली, “लाव.”

त्याने तबकडी लावली. दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसली. व्हायोलिन चढलं. वाद्यं गप्प झाली. तो बारीक सूर लांबत राहिला, लांबत राहिला, आणि त्या शांततेत कुणीही खोकलं नाही. गादीची खुर्ची खाली केल्याची हलकी करकर झाली. शाल सावरल्यासारखं काहीतरी सरसरलं. मग लाकडी जमिनीवर जपून, आवाज होऊ नये म्हणून फार जपून, कप ठेवल्याचा आवाज आला.

ताई रडता रडता हसायला लागली.

“पोचला बाई एकदाचा चहा,” ती म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी सुई उचलली नाही. व्हायोलिन पुढे काय करतं, ते दोघांनी पहिल्यांदा ऐकलं. ते सावकाश खाली उतरतं आणि जिथे शोधत होतं तिथेच, किल्ली न सापडताच, थांबतं. ताई जाताना तबकडी आपल्याबरोबर घेऊन गेली. धाकट्याने हरकत घेतली नाही. त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दवाखाना पुन्हा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त बसचालक आले. गमतीदार गृहस्थ. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून कान गेले, आता घरच्यांचं ऐकू येत नाही ते बरंच आहे, पण नातवंडांचं ऐकू यावं, म्हणाले. धाकट्याने त्यांना आत बसवलं, बटण हातात दिलं, दार लावलं. एकेक आवाज सोडत गेला. कधी दिवा लागला, कधी नाही. उजवा कान झाला. डावा झाला. त्याने यंत्र बंद केलं आणि निष्कर्ष लिहायला कागद ओढला.

टेबलावरचा दिवा लागला.

धाकट्याने यंत्राकडे पाहिलं. ते बंदच होतं.

दिवा विझला. पुन्हा लागला. विझला.

पुन्हा लागला.

मग मात्र लागला नाही. काचेच्या खिडकीतून बसचालक त्याच्याकडे बघून झालं का, असं खुणेने विचारत होते. त्याने जाऊन दार उघडलं. ते हेडफोन काढत, पाय मोकळे करत बाहेर आले.

“साहेब, टूं टूं सगळं सांगितलं मी प्रामाणिकपणे,” ते म्हणाले. “पण शेवटी कुणीतरी तीनदा खोकलं. मी आपलं त्यालाही बटण दाबलं. ते मोजायचं असतं का?”

“नाही,” धाकटा म्हणाला. “ते मला होतं.”

बसचालक हसले. ही काहीतरी दवाखान्यातली थट्टा असावी, असं त्यांना वाटलं. मग त्यांचं लक्ष धाकट्याच्या हाताकडे गेलं आणि ते हसायचे थांबले. त्याने अंगठा आणि बोट ओठांना लावून ओलं केलं होतं, आणि त्या चिमटीत, जिथे काहीच नव्हतं, तिथे तो डोळे बारीक करून बघत होता.